नगरची मंडळी मिसर देशात

अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस भिंगारजवळ नवे शहर वसविले आणि ते थोड्याच वर्षांत कैरो-बगदादच्या तोडीचे झाले, असे नगरचा प्रत्येक मनुष्य लहानपणापासून ऐकत आलेला असतो. बगदादचे जाऊ द्या. पण कैरो आपल्या तोडीचे आहे की नाही, हे एकदा पाहून यावे असे आमच्यापैकी काहींच्या मनात फार दिवस होते. २०२४ पासून सरकारदप्तरी नगरचे अहिल्यानगर झाले. कैरोचे मात्र कैरोच राहिले आहे. तेव्हा एका प्रवासी कंपनीमार्फत आम्ही सव्वीसजण निघालो. डॉक्टर, दोन दुकानदार, एक निवृत्त मुख्याध्यापक, रणगाडा दलातून निवृत्त झालेले एक हवालदार, तीन सासवा, दोन सुना आणि संगमनेर तालुक्यातल्या एक आजी. आजींचे वय ऐंशीच्या पुढचे. सोबत नात.

कैरोबद्दल एवढेच सांगतो की, गर्दी, धूळ आणि हॉर्न या तीन बाबतींत तोडीचा प्रश्न आम्हीच जिंकलो असतो असे वाटत होते, पण हरलो. गिझाचा मोठा पिरॅमिड सुमारे साडेचार हजार वर्षांचा, मूळचा १४६ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी उभे राहिले की आपल्या गप्पा आपोआप बंद होतात. आमच्या अर्ध्या तासासाठी बंद झाल्या. मग सासवांपैकी एकीने विचारले, "एवढे दगड वाहणाऱ्यांना जेवायला कोण घालीत होते?" हा प्रश्न वाटाड्याला आवडला. पिरॅमिडच्या मजुरांच्या वस्तीत भाकरीच्या भट्ट्या सापडल्या आहेत, असे त्याने सांगितले. तिथल्या रोजच्या भाकरीला 'ऐश' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ 'जगणे' असाही होतो. आमच्या मंडळींना हे फार पटले. मिसरात ती 'ऐश' आणि आपल्याकडे ऐश म्हणजे चैन! नगरकराला दोन्ही अर्थ बाजरीच्या भाकरीत मिळतात.

दुसरे पटले ते उसाच्या रसाचे दुकान. आशिया खंडातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना जिथे १९५०च्या सुमारास उभा राहिला, त्या प्रवरेच्या काठची माणसे आम्ही. चरक दिसल्यावर पुढे कशी जाणार? रस गोड होता, पण आले नाही आणि लिंबूही नाही. एका दुकानदाराने खुणेने लिंबाची मागणी केली, तर रसवाल्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की, आम्ही मुकाट्याने पेले रिकामे केले.

चौथ्या दिवशी वाळवंटातल्या रस्त्याने अलेक्झांड्रियाला गेलो. अंतर सव्वादोनशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना वाळू. कैरोला वर्षाकाठी पाऊस जेमतेम इंचभर. पाथर्डीकडचे डॉक्टर म्हणाले, "आपण याला दुष्काळ म्हणतो, हे लोक हवामान म्हणतात."

त्या रात्री हॉटेलात जेवणानंतर आजींच्या नातीने टूर मॅनेजरच्या हाती एक कागद ठेवला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीची ती प्रत होती. आजींचे वडील मराठा पलटणीत शिपाई होते. १९४२ साली उत्तर आफ्रिकेत गेले. आजी तेव्हा आईच्या पोटात. देह परत आला नाही. आजींच्या आईने वर्षभर कुंकू पुसले नव्हते, कोणी विचारले तर म्हणे, "मी कुठं पाह्यलंय?" अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला शंभराहून थोडे अधिक किलोमीटरवर अल-अलमैनच्या युद्धसमाधीत, ज्यांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झाले अशा सहाशेहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. त्यांत त्यांचे नाव होते. आजींनी घराबाहेर पडतानाच हे मनात धरले होते. सांगितले मात्र कोणाला नाही. सांगितले तर घेऊन जाणार नाहीत, ही भीती.

मॅनेजर पोरगेला होता, पण भला. तो म्हणाला, "कार्यक्रमात नाही. जायचे तर उद्याचे ग्रंथालय सोडावे लागेल, आणि गाडीचे जादा पैसे." अलेक्झांड्रियाचे ते ग्रंथालय म्हणजे प्राचीन ज्ञानभांडाराच्या स्मरणार्थ २००२ साली उघडलेले. मुख्याध्यापक त्यासाठीच आले होते. चाळीस वर्षे मुलांना त्या जुन्या ग्रंथालयाची गोष्ट सांगितली, आता नवे पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. ते स्पष्ट म्हणाले, "माझा विरोध आहे. मीही पैसे भरले आहेत." मनातून मी त्यांच्याच बाजूचा होतो, हे कबूल करतो. पंचवीस जणांनी एकासाठी दिवस द्यावा, असे कुठल्या नियमात बसते?

आजी म्हणाल्या, "मला लई न्हाई बगायचं. एकदा नाव बगू द्या."

हवालदारांनी हात वर केला. मग डॉक्टरांनी. सासवांनी तर दोन्ही. शेवटी मीही. मास्तरांनी केला नाही. उठून खोलीत गेले. सकाळी मात्र सर्वांच्या आधी गाडीत बसलेले होते.

वाटेत नव्या अल-अलमैन शहराचे उंच मनोरे लागले, निळा समुद्र लागला. दक्षिणेला वाळवंट. हवालदारांनी गाडीतच युद्धाचा नकाशा उभा केला. समुद्र आणि कट्टाराचा खोलगट भाग यांच्यामधली सुमारे साठ किलोमीटरची चिंचोळी पट्टी. २३ ऑक्टोबर १९४२ला मॉन्टगोमेरीने तिथे रोमेलवर हल्ला सुरू केला. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जे व्हॅलेंटाइन आणि माटिल्डा रणगाडे मुले हात लावून पाहतात, त्याच जातीचे रणगाडे या वाळूत लढले होते. त्याच ऑक्टोबरात पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. नगर त्या वर्षी दोन्हीकडे गुंतलेले. रस्ता सोडून वाळूत उतरू नका, असे गाडीवानाने बजावले. त्या वेळचे सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत.

युद्धसमाधी म्हणजे वाळूवर सरळ ओळींनी उभे केलेले सात हजारांहून अधिक पांढरे दगड. दहनस्मारक आग्नेयेच्या बाजूला. तिथवर चालता चालता आजी दोनदा बसल्या. नावे इंग्रजी अक्षरांत. नातीचे डोळे भरून आले, तिला वाचता येईना. तेव्हा मास्तर पुढे झाले आणि एकेक ओळ, वर्गात हजेरी घ्यावी तशी, मोठ्याने वाचू लागले. गुरखा, जाट, मद्रासी, मराठा. किती वेळ वाचत होते कोण जाणे. एका नावाशी थांबले. वडिलांचे नाव आणि आडनाव इंग्रजीत जरा वाकडे झाले होते, पण तेच होते.

आजींनी नावावर बोट फिरवले. पिशवीतून प्रवरेच्या पाण्याची लहान बाटली काढून दोन थेंब दगडाच्या पायथ्याशी सोडले आणि म्हणाल्या, "आई, पाह्यलं गं." आमच्यापैकी कोणी फोटो काढला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी मॅनेजरला सारखा धोशा लावला, की मास्तरांचे ते ग्रंथालय दाखवाच. पोहोचलो तेव्हा दार बंद झालेले. पण बाहेरची अस्वानी ग्रॅनाइटची भिंत दारावर अवलंबून नसते; तिच्यावर जगातल्या शंभरावर लिप्यांतली अक्षरे कोरलेली आहेत. मास्तर चष्मा पुसून देवनागरी शोधू लागले, एक टोक त्यांनी धरले, दुसरे आजींनी. आजी प्रत्येक खुणेला विचारीत होत्या, "हे का? हे का?" गाडीने दोनदा हॉर्न दिला, तरी दोघेही भिंतीपाशीच होते.