पुळणीत रुतलेली गाडी आणि एकटा माणूस

माझा दवाखाना रायगड जिल्ह्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर आहे. गेल्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी गावातली दोन मुले ५४ वर्षांच्या एका गृहस्थांना हाताला धरून घेऊन आली. पुण्याहून ते सकाळीच एकटे निघाले होते. नवीन फोर बाय फोर गाडी घेतली होती आणि ती वाळूवर चालवून पाहायची होती. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट वाटली, पण खाडीच्या मुखाजवळ गाडी चाकापर्यंत रुतली. तेव्हा साडेअकरा वाजले होते. त्यानंतर दोन तास ते उन्हात वाळू उपसत होते.

माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांना स्वतःचा फोन नंबर सांगता येत नव्हता. ताप ३९.४ अंश सेल्सिअस, रक्तातली साखर ५८. दोन्ही तळपायांवर मोठाले फोड आले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

हे सगळे एकाच माणसाला एकाच दिवशी कसे झाले, ते समजून घेऊ. बरेच रुग्ण समजतात की ऊन लागले म्हणजे फक्त पाणी कमी पडले. तसे नसते.

किनाऱ्यावर वारा असतो, त्यामुळे ऊन जाणवत नाही. पण हवा दमट असते. घाम सुकतो तेव्हा शरीर थंड होते, घाम नुसता ओघळला तर थंड होत नाही. म्हणून कोकणातले ३४ अंश विदर्भातल्या ४० अंशांपेक्षा हलके आहेत असे समजू नका. त्यात हे गृहस्थ रक्तदाबासाठी जी गोळी घेत होते, तिच्यात लघवी वाढवणारे औषधही होते. घामाने पाणी जात होतेच, गोळीनेही जात होते. गाडीत पाण्याची एकच बाटली होती. (ही गोळी सहलीच्या दिवशी मनानेच बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.)

दुसरी गोष्ट साखरेची. मधुमेहाची सकाळची गोळी त्यांनी घेतली होती आणि जेवण 'किनाऱ्यावर पोचल्यावर बघू' म्हणून राहिले. वाळू उपसणे हे कष्टाचे काम आहे, स्नायू साखर भराभर वापरतात. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, डोके चालेनासे होते. उन्हातही नेमके हेच होते, म्हणून माणसाला फरक कळत नाही. मधुमेही माणसाने अशा वेळी तर्क करत बसू नये. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका.

आता पाय. बूट वाळूने भरले म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. दुपारच्या उन्हात कोरड्या वाळूचा वरचा थर ५० अंशांच्या वर जाऊ शकतो. तुम्ही-आम्ही दोन पावलांत उड्या मारू. पण अकरा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली होती. चटका बसत होता, जाणवत नव्हता. ताप आणि साखर त्या संध्याकाळपर्यंत आटोक्यात आली, पायांच्या जखमा भरायला पाच आठवडे लागले. मधुमेह असेल तर वाळूवर अनवाणी चालू नका, सकाळी चालायलासुद्धा नाही.

मला सर्वांत जास्त काळजी हृदयाची होती. त्यांचा ईसीजी ठीक आला. पण श्वास रोखून गाडी ढकलताना रक्तदाब एकदम चढतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर तेवढे पुरते. मधुमेही रुग्णाच्या छातीत दुखेलच असे नाही. नुसती धाप, गार घाम, मळमळ एवढेच असू शकते, आणि उन्हात तो 'ऊन लागलं' म्हणून सावली शोधत बसतो. सावलीत दहा मिनिटे बसूनही धाप कमी झाली नाही तर १०८ ला फोन करा.

मी त्यांना नंतर विचारले, दोन तास कुणाला फोन का केला नाही? म्हणाले, "डॉक्टर, दंड होईल, आणि लोक व्हिडिओ काढतील." हे उत्तर मला फार खरे वाटले. आपल्याकडच्या अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण रुतल्यावर लाज बाळगून उपयोग नाही. घड्याळ लावून पंधरा मिनिटे प्रयत्न करा, नंतर सावलीत बसून ११२ ला किंवा गावात फोन करा.

केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाड किनाऱ्यावर गाडी चालवायला परवानगी आहे. तिथे गेलात तरी शरीराचे नियम हेच. गाडीबद्दल मला फारसे कळत नाही. जाणकार सांगतात की वाळूवर टायरमधली हवा १८ ते २० पर्यंत उतरवावी आणि रुतल्यावर चाक गरगर फिरवू नये. डॉक्टर म्हणून एक सांगतो: सायलेन्सरचे तोंड वाळूत गाडले गेले असेल तर एसीसाठी इंजिन चालू ठेवून आत बसू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो. त्याला वास नसतो. डोके दुखू लागले, मळमळले, की लगेच बाहेर पडा.

भरतीचा हिशेब कोकणात सगळ्यांना येतो. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. बारानंतर पाणी त्यांच्याकडेच येत होते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी, आणि पाणी चाकाला लागले की गाडी सोडून वर यावे.

घरच्यांनी एवढे करावे: निघताना लाइव्ह लोकेशन घ्यावे आणि फोनची वेळ ठरवावी. त्या वेळेनंतर अर्धा तास उलटला तर वाट बघू नये. सोबत माणशी चार-पाच लिटर पाणी, ओआरएसची पाकिटे, खाण्याचा डबा आणि ग्लुकोमीटर द्यावे. एक पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचे ते आधी विचारून ठेवावे. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नये, ते तापून निकामी होते.

उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर आधी त्याला थंड करा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

घरी परतल्यावर पुढचे दोन दिवस लघवीकडे लक्ष ठेवा. ती कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि अंग फार दुखत असेल, तर स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. त्या वेळी दुकानातून आणून वेदनाशामक गोळी घेऊ नका, त्याच दिवशी रक्ततपासणीला या.