मोचे संस्कृतीची बोलकी मृत्पात्रे

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या सुमारे १०० ते ८०० या काळात मोचे संस्कृती नांदली. अँडीज पर्वतातून येणाऱ्या नद्यांचे पाणी कालव्यांनी खेळवून या लोकांनी वाळवंटात शेती फुलविली. मात्र त्यांना लेखनकला अवगत नव्हती. त्यामुळे त्यांच्या जीवनाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे त्यांची मातीची भांडी होत.

कुंभाराचे चाक या प्रदेशात ठाऊक नव्हते. कारागीर मूळ नमुन्यावरून दोन भागांचे साचे घेत, त्यांत ओली माती दाबून बसवीत आणि दोन्ही भाग सांधून भांडे घडवीत. पिवळसर पांढऱ्या व तांबड्या मातीच्या पातळ लेपाने ते रंगवून घोटले जाई व नंतर भाजले जाई. अनेक भांड्यांवर दोन वक्र नळ्या एकत्र येऊन एकच तोटी बनते. घोड्याच्या रिकिबीसारख्या या आकारावरूनच अभ्यासकांनी तिला नाव दिले. प्रत्यक्षात घोडा या भूमीवर सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आला.

काही भांडी म्हणजे व्यक्तींची हुबेहूब मुखशिल्पे आहेत. काहींवर बारीक रेषांत शिकार, युद्ध आणि बंदिवान रेखाटलेले आढळतात. एका प्रसंगात बंदिवानांचा बळी देऊन त्यांचे रक्त चषकातून प्रमुखाला अर्पण केले जाते. ही केवळ पुराणकथा असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटे.

१९८७ साली पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी सिपान येथे एका अधिपतीची कबर उत्खनित केली. त्याचे अलंकार चित्रातील प्रमुखाच्या वेशभूषेशी जुळले. पुढे १९९५ पासून उआका दे ला लुना या मंदिराच्या आवारात बळी दिलेल्या पुरुषांचे अवशेष सापडले. चित्रातील विधी प्रत्यक्षात होत असे, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा उलगडा झाला, कारण कबरीतील प्रत्येक वस्तूची जागा नोंदविली गेली होती. सिपानला शास्त्रज्ञांआधी लुटारू पोहोचले होते व त्यांनी जवळचीच एक कबर रिकामी केली होती. जगभरच्या संग्रहांतील असंख्य मोचे भांडी अशाच लुटीतून आलेली आहेत. त्यांचे सौंदर्य टिकून आहे. पण ती कोणाच्या उशाशी ठेवली होती, हे सांगणारा पुरावा कायमचा नष्ट झाला आहे.