व्याकरणाचा रोजमेळ

जालन्याच्या मोंढ्यातील आडत दुकानाचा दिवस तोलाई, हमाली आणि हिशेब यांत सरतो. रात्री दुकान वाढवून घरी परतलेल्या पित्याला अलीकडे बैठकीत एक निराळे दृश्य दिसते. मुलगा किंवा मुलगी इंग्रजी व्याकरणाचे जाड पुस्तक उघडून चिंताक्रांत चेहऱ्याने बसलेली असते. परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा, तर आयईएलटीएससारखी भाषा-परीक्षा बहुधा द्यावीच लागते. पिता क्षणभर थबकतो आणि ‘यातले आपल्याला काय कळणार’ असे म्हणून आत निघून जातो. त्याने तसे निघून जाऊ नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार विभाग असून गुणांकन नवापर्यंतच्या श्रेणीत होते. व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. लेखनासाठी एक तास मिळतो आणि त्यात किमान दीडशे व अडीचशे शब्दांचे दोन मजकूर लिहावयाचे असतात. लेखन आणि संभाषण या दोन्ही विभागांत परीक्षक चार निकष लावतात. व्याकरणातील विविधता व अचूकता हा त्यांपैकी एक. म्हणजे नियम पाठ म्हणून दाखवायचा नाही, तो वापरून दाखवायचा आहे. म्हणूनच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घोकण्यात महिने घालवणारा विद्यार्थी पुष्कळदा थकतो आणि चुका मात्र जागच्या जागी राहतात.

या चुका येतात कोठून? बऱ्याचशा आपल्या मराठीतूनच येतात. जेथे मराठीची वाट एका दिशेने जाते आणि इंग्रजीची दुसऱ्या, नेमके तेथेच पाऊल घसरते. ही वळणे मोजकी आहेत, आणि व्यापाऱ्याच्या घरात ती समजावून सांगणे फारसे अवघड नाही.

एक उदाहरण घेऊ. ‘गुढीपाडव्यापासून’ आणि ‘सहा महिन्यांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठी ‘पासून’ हा एकच शब्द वापरते. त्यामुळे मुले ‘सिन्स सिक्स मंथ्स’ असे लिहून मोकळी होतात. पण उचल दिलेली तारीख वेगळी आणि व्याजाची मुदत वेगळी, हे दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीही तोच भेद पाळते. तारीख सांगायची असेल तर ‘सिन्स’ आणि मुदत सांगायची असेल तर ‘फॉर’.

दुसरे उदाहरण गणनेचे. तूर जोखायची असते, पोती मोजायची असतात. ‘तीन तुरी घेतल्या’ असे मोंढ्यात कोणी म्हणणार नाही. इंग्रजीत ‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’ हे शब्द तुरीच्या जातीचे. त्यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही. त्यांना मोजायचे झाल्यास आधी पोत्यात भरावे लागते, म्हणजे ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ असे म्हणावे लागते.

तिसरे वळण ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांचे. मराठीत ती नाहीत, म्हणून आपली मुले ती एक तर गाळतात किंवा वाटेल तेथे पेरतात. पण ‘एक शेतकरी आला होता’ असे सांगून झाल्यावर पुढच्या वाक्यात आपण ‘तो शेतकरी’ म्हणतोच. पहिली ओळख ‘अ’ने आणि ओळख झालेल्याचा उल्लेख ‘द’ने, हा पाया एकदा पक्का झाला की अपवाद शिकणे सोपे जाते. काळाचेही तसेच. ‘माल कालच आला आहे’ हे मराठीत शुद्ध आहे. त्याचे शब्दशः ‘हॅज अराइव्हड यस्टरडे’ केले की इंग्रजीत चूक होते, कारण ‘काल’ असा संपलेला दिवस सांगितल्यावर तेथे साधा भूतकाळच लागतो.

मराठी आणि इंग्रजी व्याकरणांचे नातेही जुने आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा मांडणीसाठी त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा ज्या शब्दांच्या आठ जाती आपण मराठी शाळेत शिकलो, त्यांची चौकट इंग्रजीतही ओळखीची वाटते ती यामुळे. पुढे ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ या तीन भागांच्या पुस्तकाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना मराठी व इंग्रजी वाक्ये समोरासमोर ठेवूनच इंग्रजी शिकविले. ज्यांचे मराठी व्याकरण पक्के, त्यांना इंग्रजीची उजळणी हलकी जाते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

मग उजळणी करावी कशी? यासाठी आपल्या पेढीची जुनी रीत पुरेशी आहे. दररोज एक मजकूर लिहावा आणि तो जाणत्याकडून तपासून घ्यावा. त्यात निघालेली प्रत्येक चूक तारखेसह रोजमेळात नोंदवावी. डावीकडे चुकीचे वाक्य, उजवीकडे दुरुस्त. आठवड्याच्या शेवटी खतावणी करावी. उपपदांचे एक खाते, काळाचे एक, शब्दयोगी अव्ययांचे एक आणि वचनाचे एक. ज्या खात्यात बाकी सर्वाधिक, त्या प्रकरणाची उजळणी पुढच्या आठवड्यात करावी. ज्या खात्यात काही निघत नाही, त्यावर वेळ दवडू नये.

आपल्या परंपरेत स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत. वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. परिवर्तना म्हणजे शिकलेल्याची पुनःपुन्हा आवृत्ती. पण तिच्या आधी विचारणे आहे आणि नंतर चिंतन, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नियम वाचला, शंका विचारली नाही आणि नुसता घोकला, तर तो परीक्षेच्या खोलीत साथ देत नाही. अखेरचे अंग इतरांना समजावून सांगण्याचे. हा क्रम मूळचा धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी आहे, तरी कोणतीही विद्या अंगी मुरते ती याच वाटेने.

येथेच पित्याचे काम येते. इंग्रजी न येणाऱ्या पित्याला रोज पंधरा मिनिटे एक नियम मराठीतून समजावून सांगायचा, असा नेम मुलांनी धरावा. पित्याला तो नियम समजला, तर मुलालाही समजला आहे. पित्याने ‘असे का?’ म्हणून विचारले आणि मुलाला उत्तर सुचले नाही, तर ती नोंद त्याच रात्री रोजमेळात जावी.

इंग्रजीचे भय आपल्या घरांना शोभतही नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते आणि सरकारी कारभार उर्दूतून चालत असे. घरी मारवाडी, मोंढ्यात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी कसरत करीत वडीलधाऱ्यांनी पेढ्या सांभाळल्या. गरज पडली तेव्हा त्यांनी परकी भाषा शिकून घेतली आणि आपली सोडली नाही. नातवंडांपुढे आज तेच काम आहे. दुकान वाढवून घरी आल्यावर पित्याने थोडा वेळ त्या पुस्तकाशेजारी बसावे. हिशेब तपासण्याची त्याची जुनी सवय तेथेही उपयोगी पडेल.