कात्रीखालून गेलेली गाणी

एखादी ध्वनिमुद्रिका खपली नाही की ते गाणेच अपयशी, असे आपण सहज धरून चालतो. सत्तरच्या दशकातील अमेरिकन प्रोग्रेसिव्ह रॉकच्या विस्मृत सिंगल ध्वनिमुद्रिका पाहिल्या की हा निष्कर्ष घाईचा वाटू लागतो.

या संगीताला विस्तार हवा असे. व्हायोलिन, ऑर्गन, सिंथेसायझर यांचे लांब आलेख, बदलते ताल, दहा-दहा मिनिटांच्या रचना. सिंगल मात्र सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी. तिच्यावर वेळ वाढवायचा तर खाचा दाटीने कोराव्या लागतात. मग आवाजाची पातळी घटते, खर्ज क्षीण होतो. त्यात लोकप्रिय एएम रेडिओ केंद्रांना तीन-चार मिनिटांचीच गाणी सोयीची. म्हणून कंपन्या मूळ ध्वनिफितीची नक्कल ब्लेडने कापून जोडत.

कॅन्सस हा टोपेका शहरातला वाद्यवृंद. त्यांचे १९७५चे ‘साँग फॉर अमेरिका’ अल्बमवर दहा मिनिटांचे आहे. शब्द सुरू होण्याआधी वाद्येच बराच वेळ बोलतात. माणसाचे पाऊल पडण्यापूर्वीची भूमी आणि नंतर तिची झालेली दशा, हा त्याचा विषय. सिंगलवर ते सुमारे तीन मिनिटांत आटोपते. शब्द उरतात, पण ज्या विस्तीर्णतेविषयी ते बोलतात तीच नाहीशी होते. बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांत या सिंगलला जागा मिळाली नाही.

पण सगळा दोष लांबीला देता येत नाही. सेंट लुईसच्या पाव्हलोव्ज डॉगचे ‘जूलिया’ मुळातच तीन मिनिटांच्या आसपास होते. कात्रीची गरजच नव्हती. १९७५मध्ये तेही अमेरिकेच्या त्या यादीबाहेरच राहिले. उलट शिकागोच्या स्टिक्सचे ‘लेडी’ १९७३मध्ये निघाले आणि मागे पडले. पुढे शिकागोच्याच डब्ल्यूएलएस या शक्तिशाली केंद्राने ते लावून धरले, आणि १९७५मध्ये ते सहाव्या क्रमांकावर पोहोचले. गाणे तेच होते. बदलले होते ते त्याच्या मागे उभे राहणारे केंद्र.

म्हणून सिंगल हाती आली की मी आधी तिचे लेबल वाचतो. अनेकांवर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. दोन्ही बाजूंना एकच गाणे असते, एकीकडे मोनो, दुसरीकडे स्टिरिओ. कारण एएम केंद्रांचे प्रक्षेपण मोनो होते, तर एफएमवर स्टिरिओ शक्य होते. म्हणजे ही तबकडी ग्राहकासाठी नव्हतीच. ती निवेदकाच्या टेबलापर्यंत पोहोचण्यासाठी केलेला अर्ज होती. तो मंजूर झाला नाही, तर श्रोत्याला नापसंती कळवण्याचीही संधी मिळत नसे.

आज पुनर्मुद्रणांत बहुधा अल्बमवरचे पूर्ण रूपच मिळते, आणि रसिकाने तेच ऐकावे. पण काटछाट केलेली रूपे पुष्कळदा त्या सात इंची तबकड्यांवरच उरली आहेत. दुय्यम म्हणून त्या टाकून दिल्या, तर बाजाराने या संगीताकडून काय मागितले आणि काय कापून घेतले, याचा पुरावाच जाईल. पूर्ण गाणे संगीताचा इतिहास सांगते. कापलेले गाणे ऐकवण्याच्या व्यवहाराचा इतिहास सांगते. संशोधकाला दोन्ही शेजारी ठेवूनच ऐकावी लागतात.