फळे-भाज्या टिकविणे : पथ्याचा दुर्लक्षित भाग

ग्रहणीच्या एका वृद्ध रुग्णास मी दाडिमरस सांगितला होता. इंदापूर तालुक्यात डाळिंबाला तोटा नाही, म्हणून पथ्य सोपे वाटले. आठ दिवसांनी द्रवमलप्रवृत्ती पुन्हा सुरू झाली. औषधे तपासली, मात्रा तपासली, दोष सापडेना. अखेर सूनबाईंकडे चौकशी करता कळले, की रस रविवारी काढून बाटलीत भरला जाई आणि बुधवारपर्यंत पुरविला जाई. "फ्रीजमध्येच होता की, डॉक्टर!" त्यांचे काही चुकले नव्हते. पथ्य मी सांगितले, ते राखावे कसे हे सांगितले नव्हते.

तोडलेले फळ निर्जीव नसते. त्याचे श्वसन चालू राहते, उष्णता निर्माण होते, ओलावा उडून जातो. थंडाव्याने ही क्रिया मंदावते. परंतु थंडावाही प्रमाणातच हवा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, कृमी व ऊन यांच्याबरोबर हिमाने बिघडलेले फळही असाधु मानले आहे. याचा प्रत्यय पेरूत येतो. कच्चा पेरू फ्रीजच्या अतिथंड कप्प्यात ठेवल्यास तो नीट पिकत नाही, सालीवर तपकिरी डाग पडतात. तो बाहेर पिकू द्यावा, पिकल्यावर थोडे दिवस थंड जागी ठेवावा. टोमॅटोचेही तसेच.

पेरू, केळी, पपई, आंबा ही फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेली कोथिंबीर व पालेभाजी लवकर पिवळी पडते. डाळिंब, द्राक्ष व लिंबू तोडल्यानंतर पिकत नाहीत. आंबट डाळिंब घरी ठेवून गोड होईल ही आशा व्यर्थ होय. अखंड सालीचे डाळिंब मात्र चांगले टिकते. साल सुकलेली दिसली तरी आतील दाणे उत्तम असू शकतात. उलट काही फळे बाहेरून लाल, तुकतुकीत आणि आतून काळी निघतात, म्हणून फोडून पाहिल्याखेरीज रस काढू नये. द्राक्षे खाण्याच्या वेळीच धुवावीत, पण नीट धुवावीत.

फ्रीज नसलेल्या घरी काय करावे? आपला मुलूख पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे पाण्याच्या बाष्पीभवनाने चांगला गारवा मिळतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष याच तत्त्वावर चालतो : विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये सुमारे 7.5 सेंटिमीटर पोकळीत वाळू, आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मध्ये ओली वाळू भरली. त्यासाठी त्यांना 2000 साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरास मी विटांचा कक्ष सुचविणार नाही. त्यांना दोन मडकी पुरेत. पावसाळ्यात मात्र हवा दमट असल्याने या उपायाचा फारसा उपयोग होत नाही.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी थोडे वेगळे. शार्ङ्गधराने गुडूची, वासा, शतावरी इत्यादी द्रव्ये आर्द्रच वापरावीत व ती द्विगुण घेऊ नयेत असे सांगितले आहे. हा ओला माल पोत्यांत कोंबून ताडपत्रीखाली ठेवला, की ढिगाच्या पोटात उष्णता वाढते आणि बुरशी धरते. तो आल्याबरोबर पसरावा, वारा लागू द्यावा, शक्यतो लगेच वापरावा. बुरशी आलेले मऊ फळ तेवढा भाग कापून वापरू नये. तंतू आतवर गेलेले असतात. अवलेह शिजताना सर्व काही निर्दोष होते, हाही गैरसमज आहे. बुरशीची काही विषे त्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. दाडिमत्वक् गोळा करतानाही हाच नियम. रस काढल्यावर साल त्याच दिवशी पातळ पसरून सुकवावी; काळी पडलेली टाकून द्यावी.

त्या रुग्णाचा रस पुढे रोज सकाळी ताजा काढला जाऊ लागला, एका वेळी एकाच फळाचा. आता दाडिमरस लिहिताना त्याच चिठ्ठीवर 'ताजा काढून लगेच घ्यावा' एवढी ओळ मी लिहितो.