शेताखालचा नळ आणि कायद्याचा हात

तलासरी, डहाणू, पालघर या भागात बांधाच्या कडेला, ओढ्याच्या काठावर किंवा रस्ता ओलांडताना छोटे रंगीत खांब तुम्ही पाहिले असतील. त्यांवर कंपनीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. गुरे राखणारी पोरे त्यांवर बसतात, पावसाळ्यात वेल चढून अक्षरे झाकली जातात. हा खांब म्हणजे खाली पोलादी नळ पुरला असल्याची खूण. दहेज-उरण हा नैसर्गिक वायूचा नळ आणि दहेज-नागोठणे हा इथेन नावाच्या रसायनाचा नळ, असे मोठे नळ या जिल्ह्यातून गेले आहेत. तिसरा नळ बोईसर-तारापूरचा. कारखान्यांचे सांडपाणी घेऊन तो नवापूरच्या समुद्राकडे जातो. पहिल्या दोहोंत स्फोटाची भीती, तिसऱ्यात विषाची. तिन्हींना कायदे लागू आहेत. ते पाळले जातात की नाही हे कोण बघते, आणि पाळले नाहीत तर तुमच्या हाती काय उरते, ते आज पाहू.

तेल आणि वायूच्या नळासाठी १९६२ सालचा एक केंद्रीय कायदा आहे. त्यात जमीन तुमच्या नावावरच राहते. कंपनीला मिळतो तो फक्त खालून नळ नेण्याचा वापरहक्क. नळ टाकण्याची पहिली अधिसूचना निघाली की २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. मुदत फार थोडी आहे, आणि भातलावणीच्या दिवसांत तर ती कधी संपली तेही कळत नाही. म्हणून चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असा कागद लागला तर तो वाचणारा एखादा शिकलेला मुलगा घरात असावा. वापरहक्काबद्दल बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. ती ऐकून कपाळाला आठ्या पडतात आणि त्यात नवल नाही, कारण जमीन तुमची राहिली तरी त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाडही लावता येत नाही. चिकूची वाडी असलेल्याला हे किती जड जाते ते सांगायला नको. भात, भाजी, गवत मात्र पूर्वीसारखे घेता येते.

बरेच जण एक गोष्ट विसरतात. पिकाची, झाडांची, बांधाची नुकसानभरपाई या १० टक्क्यांहून वेगळी असते. ती पहिल्यांदा नळ टाकतानाच मिळते असे नाही. पुढे दुरुस्तीसाठी कंपनीने शेत उकरले आणि नुकसान झाले, तर तेव्हाही मागता येते. सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते.

आता सुरक्षेकडे वळू. नळाला गंज लागू नये म्हणून बाहेरून लेप असतो, शिवाय त्यातून थोडी वीज सोडून गंज रोखतात. वापरण्याआधी पाण्याच्या दाबाने त्याची परीक्षा घेतात, आणि पुढे ठराविक काळाने आतून उपकरण फिरवून पत्रा कुठे पातळ झाला आहे ते पाहतात. माणसेही पट्ट्यावरून चालत पाहणी करतात. या सगळ्याचे नियम २००६ च्या कायद्याखालच्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने घालून दिले आहेत. नळ फोडून तेल चोरणाऱ्यासाठी २०११ च्या दुरुस्तीने सक्तमजुरीची कडक शिक्षा आली. म्हणजे चोराला धाक आहे. कंपनीने हयगय केली तर तिला धाक किती, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे.

अमेरिकेतली दोन उदाहरणे सांगतो. १० जून १९९९ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी पेट्रोलचा नळ फुटला, पेट्रोल ओढ्यात उतरले, पेटले आणि तीन मुले गेली. चौकशीत दिसले की काही वर्षांपूर्वी पाण्याच्या कामासाठी खोदताना यंत्राने नळाला इजा केली होती. आपल्याकडे शेततळे, बोअर, रस्ता, सगळीकडे जेसीबी चालतो, म्हणून ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसरे उदाहरण २०१० च्या जुलैतले, मिशिगन राज्यातल्या मार्शल गावचे. तिथे कच्च्या तेलाचा नळ फुटल्यावर नियंत्रण कक्षात इशाऱ्याच्या घंटा वाजत होत्या, तरी १७ तास गळती सुरू राहिली. अखेर ओळखली ती वायुपुरवठा करणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या माणसाने, फोन करून. तिथल्या सरकारी खात्याने २०१२ मध्ये कंपनीला ३७ लाख डॉलर दंड केला. कंपनीचा सफाईचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. दंड छोटा आणि नुकसान मोठे, हे गणित सगळीकडचेच दिसते.

आता आपल्या तिसऱ्या नळाकडे येऊ, कारण तुमच्यापैकी अनेकांचे रोजचे जगणे त्याच्याशी बांधलेले आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधे, रंग, रसायने आणि कापडाचे कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी आधी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जायचे आणि तिथून नळाने नवापूरकडे. जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर. येणारे पाणी त्यापेक्षा जास्त, आणि कित्येकदा पुरेशी प्रक्रिया न झालेले. पुढे पाच कोटी लिटरचे नवे केंद्र उभारण्यात आले. मधल्या काळात काय झाले ते खाडीकाठच्या माणसाला विचारा. चेंबर तुंबून शेतात आणि नाल्यात रंगीत पाणी, खाडीत मेलेले मासे, विहिरीच्या पाण्याला वास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक भागांचे मोजमाप केले, तेव्हा तारापूर ९३.६९ गुण घेऊन पहिले आले. असा पहिला नंबर कोणाला हवा?

मासेमारीवर जगणाऱ्यांनी मात्र हातावर हात ठेवला नाही. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. तज्ज्ञ समिती नेमली गेली. २०२० मध्ये तिने सुमारे १६० कोटी रुपयांची पर्यावरणभरपाई सुचवली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर भरपाई बसवली, औद्योगिक विकास महामंडळालाही जबाबदार धरले आणि देखरेखीतल्या ढिलाईवर बोट ठेवले. उद्योगांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कागदावरची रक्कम आणि खाडी सुधारायला प्रत्यक्ष लागलेली रक्कम यांत केवढे अंतर पडते, ते यावरून कळावे. तरीही हा अर्ज व्यर्थ गेला असे मी म्हणणार नाही. अर्ज झाला म्हणून समिती आली, नमुने घेतले गेले, हिशेब मांडला गेला.

अंमलबजावणी इतकी अवघड का? एक कारण सोपे आहे. नळ एकच आणि त्यात सोडणारे शेकडो. रात्री कुणी आम्लाचे पिंप रिकामे केले तर सकाळी कोणाचे नाव घेणार? म्हणून केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना आणि सामुदायिक केंद्रांना सतत मोजणारी उपकरणे बसवायला सांगितली. दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात मंडळाच्या हाती मोठे हत्यार आहे, कलम ३३-अ. त्याखाली कारखाना बंद करता येतो, वीज आणि पाणी तोडता येते. पण बंद फाटकाबाहेर रोजंदारीची आपलीच पोरे उभी असतात. ज्या घराची विहीर नासली त्याच घरातला मुलगा त्या कारखान्यात कामाला असतो. अशा घरात तक्रारीचा अर्ज लिहायला बसणे सोपे नाही, आणि शहरातल्या माणसाने त्याबद्दल कोणाला नावे ठेवू नयेत.

तरीही अर्ज लिहायचा झाला तर तो कसा टिकेल ते सांगतो. तुम्ही बाटलीत भरून नेलेले पाणी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कायद्यातल्या रीतीप्रमाणे मंडळाच्या माणसाने, संबंधिताला नोटीस देऊन घेतलेला आणि मोहोरबंद केलेला नमुनाच चालतो. म्हणून पाणी वाहत असतानाच मंडळाच्या तारापूर कार्यालयाला कळवा आणि कळवल्याची पोच घ्या. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्यात गटक्रमांक, पीक, क्षेत्र, झाडांची संख्या स्पष्ट लिहून घ्या. "बरेच नुकसान" असे लिहिलेला पंचनामा कुचकामी ठरतो. कारखान्याला काय सोडायची परवानगी आहे हे पाहायचे असेल तर मंडळाची संमतीपत्रांची नोंदवही बाधित माणसाला पाहायला मिळाली पाहिजे, असे त्याच कायद्याचे कलम २५ सांगते. ती दाखवत नसतील तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा.

नुकसानभरपाईसाठी हरित न्यायाधिकरणात घटनेपासून पाच वर्षांत जाता येते. प्रदूषण थांबवा अशा मागणीसाठी मुदत सहा महिन्यांचीच आहे. पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला भरपाईच्या अर्जाचे शुल्क पडत नाही. धोकादायक पदार्थाच्या अपघातात माणूस दगावला किंवा मालमत्ता गेली, तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो.

घरातल्या बायका-मुलांना आजच सांगून ठेवा. नळाच्या पट्ट्यात वास आला, फुसफुस ऐकू आली, पाण्यात बुडबुडे दिसले किंवा हिरव्या शेतात एकच पट्टा वाळलेला दिसला, तर जवळ जाऊ नये. बिडी पेटवू नये, पंप किंवा मोटारसायकल सुरू करू नये, तिथे उभे राहून फोनही करू नये. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब जावे, खोलगट जागा टाळावी, आणि मग खांबावरच्या क्रमांकावर आणि ११२ वर कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. सांडलेले तेल डब्यात भरून आणण्याचा मोह तर मुळीच नको. १८ जानेवारी २०१९ रोजी मेक्सिकोत फुटलेल्या नळाचे पेट्रोल भरायला गाव लोटले होते, आग लागून १३० हून अधिक माणसे गेली.

आणि येत्या उन्हाळ्यात जेसीबी बोलावण्याआधी सातबारावरचा इतर हक्कांचा रकाना एकदा वाचा, खांबावरचा वेल काढा आणि तो क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.