उषाकिरण ते फुलबाग : लष्करातील एक फेरफटका

ग्वाल्हेर म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो. मराठी माणसाचा या नगरीशी जो निकटचा संबंध आला, तो मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या लष्कराशी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी येथे तळ दिला. पुढे छावणीचे नगर झाले, परंतु नाव तेच राहिले. जवळच्या ‘कंपू’ या भागाचे नावही मराठी फौजेच्या परिभाषेतलेच आहे. कवायती पलटणींच्या मोठ्या तुकडीस त्या काळी कंपू म्हणत.

आज हरिशंकरपुरमसारख्या वसाहती याच लष्कर भागात आहेत. तेथून जयविलास प्रासादाचा परिसर फार दूर नाही. या प्रासादाला लागूनच ‘उषाकिरण पॅलेस’ हे हॉटेल आहे. मूळ वास्तू शिंदे सरकारांचे अतिथिगृह होती. इंग्लंडच्या राजघराण्यातील पाहुण्यांच्या सरबराईशी तिचे नाव निगडित आहे. पंचम जॉर्ज युवराज असताना १९०५ साली ग्वाल्हेरीस आले होते. संस्थाने गेली, पाहुणे पालटले. आता तेथे देशोदेशींचे प्रवासी उतरतात. नऊ एकरांची बाग आणि जाळीदार नक्षीचे सज्जे जुन्या आतिथ्याची कल्पना देतात.

शेजारचा जयविलास हाही अशाच स्वागतापोटी उभा राहिला. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये तो पूर्ण करविला. वास्तुरचना सर मायकेल फिलोज यांची. सातवे एडवर्ड तेव्हा युवराज होते, आणि त्यांच्या भेटीचे निमित्त या बांधकामास मिळाले होते. दरबार दालनातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची मजबुती पाहण्यासाठी आठ हत्ती वर चढविले होते, असे सांगतात. १९६४ पासून प्रासादाच्या एका भागात वस्तुसंग्रहालय आहे.

बाहेर पडून रस्त्याच्या मधोमध असलेल्या अचलेश्वराचे दर्शन घ्यावे. जवळच जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून पाय फुलबागेकडे वळवावेत. या परिसरात माधवराव शिंदे यांच्या काळी मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज या वास्तूंना जागा मिळाली. मोतीमहालात प्रथम संस्थानचा कारभार चाले, आणि पुढे मध्य भारत राज्याचाही. ते राज्य १९४८ ते १९५६ अस्तित्वात होते.

आणि याच फुलबागेजवळ झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे.

येथे जाणत्या माणसाने क्षणभर थांबून विचार करावा. १ जून १८५८ रोजी राणीसाहेब, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या फौजेपुढे जयाजीरावांची बाजू कोसळली आणि ते आग्र्यास इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पंधरवडा-तीन आठवड्यांत इंग्रज फौज येथे येऊन थडकली. राणीसाहेबांना रणांगणावर वीरमरण आले आणि जयाजीराव पुन्हा गादीवर बसले. त्यानंतर सोळा वर्षांनी जयविलास उभा राहिला. इंग्रज युवराजाच्या स्वागतासाठी सजलेला महाल आणि इंग्रजांशी लढता लढता देह ठेवणाऱ्या राणीची समाधी यांच्यामधले अंतर पायी चालून जाण्याइतकेच आहे. दोन्ही पक्षांकडे मराठी माणसेच होती.

आपल्याकडे या दोहोंपैकी एकच स्मृती जपण्याची प्रवृत्ती आढळते. काहींना दरबाराचे वैभव तेवढे सांगावेसे वाटते, तर काहींना केवळ फितुरीचा ठपका. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ज्या घराण्याने १८५८ मध्ये इंग्रजांची कास धरली, त्याच घराण्याच्या राजवटीत येथे रुग्णालये उभी राहिली, आणि १९१८ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय निघाले. ग्वाल्हेर २०२३ मध्ये युनेस्कोच्या ‘संगीतनगरी’ यादीत आले, ते मुख्यतः येथील शतकानुशतकांच्या संगीतपरंपरेमुळे. त्या परंपरेला या राजाश्रयाचाही आधार होता. एका गोष्टीने दुसरी पुसली जात नाही; दोन्ही ठाऊक असाव्या लागतात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. परगावचे आप्त आले, की त्यांना झुंबरे दाखवून परत फिरू नये. उषाकिरणपासून निघावे, जयविलास पाहावा आणि समाधीपाशी फेरी पूर्ण करावी. सोबत मुले असतील तर त्यांना या दोन्ही वास्तूंची साले सांगावीत. पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतील.